उंदरांना पाण्यातून अँटिबायोटिक दिलं तर फक्त आतड्यातले जिवाणू बदलतात, की श्वसनमार्गावरही परिणाम होतो?

श्वसनमार्गावरही होतो, आणि तो बराचसा आतड्यामार्गेच. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये छापलेल्या प्रयोगात उंदरांना ४ आठवडे अँटिबायोटिकचं पाणी पाजलं, मग फ्लूचा विषाणू दिला. फुफ्फुसातल्या टी-पेशी (विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) नि अँटिबॉडी दोन्ही कमी पडल्या. निओमायसिन या अँटिबायोटिकने मरणारे जिवाणू इथे कळीचे निघाले. गंमत म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड गुदमार्गाने दिलं, तरी फुफ्फुसाची प्रतिकारशक्ती सावरली! नाकाघशातले निरुपद्रवी जिवाणूही न्यूमोनियाविरुद्ध मदत करतात, ते वेगळंच. मात्र फुफ्फुसात मुळातच जिवाणू इतके थोडे असतात की नमुन्यात बाहेरची भेसळ सहज होते. त्यामुळे ‘अमुक जात वाढली’ असले दावे जपूनच घ्या.