आबांना ज्येष्ठमध का नाही मिळत?

मनू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तर्री पोहे खाऊन पोटात जळजळ झाली तर आजीनं तुला ज्येष्ठमधाची काडी चघळायला दिली, आणि आबांनी मागितली तर "तुमाले काहून पाह्यजे" म्हणून काढून घेतली. आता तू विचारतेस की ती काडी खरंच काही करते का, की आपल्याकडे चालत आलंय म्हणून देतात, आणि औषधच आहे तर आबांना का नाही. दोन्हीचं उत्तर एकच गं, काडीत खरंच काम करणारं काहीतरी आहे म्हणूनच ती सगळ्यांना चालत नाही.

आधी पोटाचं. जठरातलं ॲसिड एवढं कडक असतं की सावजी मटण पण त्यात विरघळतं, मग जठर स्वतः कसं टिकतं? आतून एक बुळबुळीत थर असतो, त्यात बायकार्बोनेट असतं, ते ॲसिड भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच त्याचा जोर काढून टाकतं, शिवाय भिंतीवरच्या पेशी काही दिवसांनी नव्या येत राहतात. हे सगळं नीट चालू ठेवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनवतं. हे संरक्षण कमी पडलं आणि भिंत सुजली की झालं गॅस्ट्रायटिस.

आणि सगळे तिखटाला शिव्या देतात पण मोठे गुन्हेगार दुसरेच आहेत, पेनकिलर गोळ्या, दारू, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. हे सिद्ध करायला बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं १९८४ मध्ये तो जंतू चक्क पिऊन टाकला आणि स्वतःला गॅस्ट्रायटिस करून घेतला, बाप्पा! २००५ मध्ये त्याला आणि रॉबिन वॉरेनला नोबेल मिळालं. तो जंतू पोटात असेल तर काडी चघळून जात नाही, अँटिबायोटिकच लागतात.

आता मजा बघ. ज्येष्ठमधाची मुळी तिथे नागपूरच्या इतवारीत काष्ठौषधीच्या दुकानात मिळते आणि आपल्या इथे नेदरलँड्समध्ये तू शाळेत जाताना जे काळं ड्रॉप, ती चघळायची गोळी, खातेस ना, ते त्याच मुळीच्या रसाचं! रेव्हर्स नावाच्या एका डच डॉक्टरनंच १९४६ मध्ये लिहून ठेवलंय की ज्येष्ठमधाच्या अर्काची पेस्ट घेऊन अल्सरचे पेशंट बरे होतायत, पण काहींच्या अंगावर सूज येतेय. पुढे ब्रिटनमध्ये त्या मुळीतल्या द्रव्यापासून कार्बेनॉक्झोलोन नावाचं औषध बनवलं, अल्सरवर ते बरीच वर्षं वापरलं. ते प्रोस्टाग्लँडिन तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन जास्त वेळ टिकतं आणि थर जाड राहतो.

पण तेच द्रव्य किडनीतल्या दुसऱ्या एका एन्झाइमलाही अडवतं, मग शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं, बीपी चढतं. आबा बीपीची गोळी घेतात, म्हणून आजी देत नाही, तिला एन्झाइम माहीत नसेल पण नियम पक्का माहीत आहे. इथे पण जास्त स्ट्राँग ड्रॉपच्या पाकिटावर बीपीवाल्यांनी जपून खा असं बारीक अक्षरात छापावं लागतं, आल्यावर बघ. ज्या द्रव्यानं बीपी चढतं ते काढून टाकलेलं ज्येष्ठमध पण मिळतं, गोळ्यांमध्ये.

तू एखादी काडी चघळलीस तर काही नाही, रोज मात्र नको. आजीच्या कच्च्या केळीच्या भाजीला नाक मुरडू नकोस, त्या केळ्यातल्या ल्यूकोसायनिडिन नावाच्या द्रव्यानं ॲस्पिरिन दिलेल्या उंदरांचं जठर वाचलेलं दिसलंय. माणसात तेवढं पक्कं नाही, पण भाजी चांगली लागते.

आणि एक काम कर. आबा गुडघ्यासाठी जी गोळी घेतात ती सकाळी रिकाम्या पोटी घेतात का ते बघ आणि गोळीच्या पट्टीचा फोटो पाठव. पेनकिलर असेल तर बहुतेक ती प्रोस्टाग्लँडिन नीट बनू देत नसेल, मग त्यांची जळजळ कुठून येते ते कळेल, आणि काही पेनकिलरनं बीपी पण वाढतं. मी संध्याकाळी त्यांच्या डॉक्टरांशी बोलते. आजीला आत्ता काही सांगू नकोस, नाहीतर ती गोळीपण काढून घेईल.

तुझी आई