घरचा कम्प्युटर सारखा क्रॅश होतोय, आधी कोणता पार्ट बदलू?

तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉप दिवसातून दोन-तीनदा बंद पडतो, कधी निळा स्क्रीन येतो तर कधी नुसताच रीस्टार्ट होतो, आणि दोनदा फॉरमॅट मारूनही फरक नाही. रॅम, एसएमपीएस (कम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) की मदरबोर्ड, आधी काय बदलू, असं विचारलंय. तूर्त काहीच विकत घेऊ नका. दोष कुठे आहे हे मशीन स्वतःच बरंचसं सांगतं, फक्त त्याला बोलू द्यावं लागतं.

पहिलं काम म्हणजे आपोआप होणारं रीस्टार्ट बंद करा. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एसवायएसडीएम डॉट सीपीएल’ इंग्रजीत टाइप करा, ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये जा आणि ऑटोमॅटिकली रीस्टार्टची खूण काढा. आता निळा स्क्रीन आला की तो तसाच थांबेल. त्यावरचा स्टॉप कोड वहीत लिहून ठेवा, शेजारी वेळ आणि त्या क्षणी काय चालू होतं तेही. चार-पाच नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. दर वेळी त्याच ड्रायव्हरचं नाव येत असेल तर आधी तो ड्रायव्हर बघा. कोड दर वेळी वेगळा, आज मेमरी मॅनेजमेंट, उद्या आणखी काही, तर माझा पहिला संशय रॅमवर जातो.

विंडोज स्वतःच्या घडामोडींची नोंद ठेवतं, ती दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की अनेक जण लगेच एसएमपीएस बदलतात. तसं करू नका. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. तिच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या स्टॉप कोडचा आकडा, बघा. तो शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळालेला नाही, म्हणजे वीज तुटली असेल, गरम होऊन बंद पडलं असेल किंवा पूर्ण गोठलं असेल. शून्य नसेल तर निळा स्क्रीन आलाच होता, तुम्ही समोर नव्हतात इतकंच.

आता फॉरमॅटबद्दल, कारण इथे मी स्वतः फसलोय. माझं मशीन असंच कोसळायचं. मीही दोनदा फॉरमॅट केलं. दोन दिवस बरं चालायचं, मग पुन्हा तेच. पण खरी भीती बसली ती फोटो बघताना. दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलेल्या काही फोटोंचा वरचा भाग ठीक होता आणि मधूनच खाली नुसता करडा पट्टा. फाइल कॉपी होताना रॅममधून जाते. रॅमच चुकत असेल तर चुकीचा मजकूर डिस्कवर उतरतो, आणि नव्याने टाकलेलं विंडोजही त्याच रॅममधून उतरलेलं असतं! म्हणून फॉरमॅटने फरक पडला नाही यावरून मदरबोर्ड गेला असं ठरवू नका. आणि कृपा करून जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका. दोन्ही वेगळे ठेवा.

रॅम तपासायला मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाका, पेनड्राइव्हवरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या. माझ्याकडे पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ गेल्या होत्या, तिसऱ्या फेरीत लाल ओळी उमटल्या. तासाभरात थांबवलं असतं तर रॅम निर्दोष समजून पुढे गेलो असतो. एकही एरर चालत नाही, ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका. एरर आली तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, बंद करून पुन्हा टेस्ट लावा; कधी रॅमची पट्टी चांगली असते, पण तो वेग तिला किंवा बोर्डाला झेपत नाही.

उष्णता तपासणं सोपं आहे. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम चालू ठेवा, जड काम द्या आणि प्रोसेसरचं तापमान बघा. शंभर अंशांच्या आसपास जात असेल तर हीटसिंकमधली धूळ काढा, थर्मल पेस्ट नवीन लावा. डिस्कची तब्येत दाखवायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम, त्यात पेंडिंग सेक्टर (डिस्कवरचे नीट वाचता न येणारे भाग) वाढत असतील तर बाकी सगळं सोडून आधी डेटा काढा.

एसएमपीएसचा संशय खरा कधी मानायचा? गेम किंवा व्हिडिओ रेंडर सुरू झालं की निळा स्क्रीन न येता खटकन बंद पडतं आणि तापमान मात्र ठीक असतं, तेव्हा. घरी त्याची खात्रीची टेस्ट नाही. एक्सटेन्शन बोर्ड काढून प्लग थेट भिंतीत लावा, नाहीतर कुणाचा तरी चांगला चालणारा एसएमपीएस दोन दिवस मागून लावून बघा. तो उघडू मात्र नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

हे सगळं एका वेळी एकच करा. रॅम काढली, ड्रायव्हर बदलला आणि पेस्टही लावली, तर क्रॅश थांबला तरी कशाने थांबला ते कळणार नाही.

तुमच्या वर्णनावरून मी सुरुवात रॅमपासून करेन. टेस्टमध्ये एरर आल्या तर मशीन बंद करून, प्लग काढून एकच पट्टी ठेवा आणि टेस्ट लावा, मग दुसरी त्याच स्लॉटमध्ये. एरर एकाच पट्टीवर आल्या तर ती पट्टी गेली. दोन्ही पट्ट्या त्या स्लॉटमध्ये चुकतात आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये ठीक चालतात असं दिसलं, तर मात्र मदरबोर्डकडे बघावं लागेल.