कोड त्यांच्या खात्यातला, म्हणून गाणं त्यांचं?

प्रश्न : मी सांगलीत राहते. 2021 साली तुकोबांच्या एका अभंगाला स्वतः चाल लावून तो रेकॉर्ड केला. स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन सगळं मी दिलं. लेखी काही केलं नाही. स्टुडिओमालकांनी त्यांच्या खात्यातून तो ॲप्सवर चढवला. आता हिशेब मागितला तर म्हणतात, "आयएसआरसी कोड माझ्या खात्यातून निघालाय, रेकॉर्डिंग माझं." नवा कोड घेऊन पुन्हा टाकू का?

उत्तर : ताई, नवा कोड घेऊ नका.

आयएसआरसी म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळख-कोड. तो रेकॉर्डिंगचा गट नंबर समजा. त्यावरून जमीन कोणती ते कळतं, कोणाची ते कळत नाही. जमीन विकली तरी नंबर तोच राहतो. रेकॉर्डिंगचंही तसंच आहे. मालक बदलो, वितरक (गाणं ॲप्सवर पोचवणारी कंपनी) बदलो, कोड तोच. रीमिक्स केलं किंवा पुन्हा गाऊन घेतलं, तर मात्र नवा.

तुम्ही पाठवलेल्या कोडकडेच बघा. एकूण बारा अक्षरं-आकडे. मधला 21 हा कोड दिल्याचं वर्ष सांगतो, शेवटचे पाच आकडे अनुक्रमाचे. पण सुरुवात 'क्यूझेड'ने आहे, आणि ही अमेरिकेतल्या नोंदणीची अक्षरं. भारतातल्या नोंदणीचा कोड 'आयएन'ने सुरू होतो. म्हणजे तुमच्या स्टुडिओमालकांनी हा कोड स्वतः काढलेलाच नाही. त्यांच्या वितरकाने आपल्या साठ्यातला दिला. कोड देणारा मालक ठरत असता, तर तुमचा अभंग आज त्या वितरकाचा झाला असता!

मालकी ठरते कॉपीराइट कायदा, 1957 नुसार. रेकॉर्डिंग करण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली, तो निर्माता, आणि पहिला हक्क त्याचा. तुमच्या सांगण्यावरून त्या तुम्ही आहात. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम 19 प्रमाणे सही केलेला लेखी करार लागतो. तोंडी "घ्या, चढवा" म्हटल्याने हक्क जात नाही. अभंगाच्या शब्दांवर आज कोणाचाच कॉपीराइट नाही. चालीचा हक्क मात्र वेगळा असतो, आणि तो तुमचा. वाद्यमेळ स्टुडिओमालकांनी बसवला असेल तर तेवढ्यापुरता त्यांचाही हक्क निघू शकतो, म्हणून हे मला आधी खरंखरं सांगा.

पुरावा जमवा. तासाच्या दराने आलेलं स्टुडिओचं बिल असेल तर ते सोन्यासारखं जपा. भाडं घेणारा माणूस निर्माता कसा, हे त्यांनाच सांगावं लागेल. तबलजींना केलेलं ऑनलाइन पेमेंट, तारखा ठरवतानाचे व्हॉट्सॲप संदेश, सगळं.

गाणं दुसऱ्या वितरकाकडे नेताना अर्जात जुना कोड स्वतः भरा. रकाना रिकामा ठेवलात तर नवा कोड लागतो. फाइल तीच, नाव तेच, लांबी तीच. मग ऐकणाऱ्यांचा जुना आकडा टिकण्याची शक्यता राहते. नव्या पानावर गाणं दिसू लागलं की मगच जुनं उतरवायला सांगायचं. मुद्दाम कोड बदलून ओळख पुसणं कलम 65बी खाली गुन्हा ठरू शकतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हे त्यांनाही लागू आहे.

हिशेब आणि ताबा मागणारी नोटीस मी तयार करते. ऐकलं नाही तर कलम 62 मुळे दावा तुम्ही राहता तिथल्याच जिल्ह्यात लावता येतो. पण नोटीस जाण्याआधी मास्टरची, म्हणजे अंतिम मूळ रेकॉर्डिंगची, वेव्ह फाइल त्यांच्याकडून पेन ड्राइव्हवर घेऊन या. नोटीस पोचल्यावर ती मिळणं अवघड जाईल.