लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके: अंतर किती आणि जाताना-येताना वेळ वेगळी का?

सरळ उत्तर: अंतर साधारण 5,540 किमी, म्हणजे जवळपास 2,990 सागरी मैल. जाताना वेळापत्रकात 8 तासांच्या आसपास दिसतात, परतताना 7 च्या आसपास.

विमानाचा वेग ताशी साधारण 900 किमी धरून 5,540 ला 900 ने भागलंत तर उत्तर सव्वासहा तासांच्या आत येतं, आणि ते गणित म्हणून बरोबरच आहे. पण विमान हवेत उडतं आणि ती हवाच पळत असते. अटलांटिकवर साधारण 10 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरदार वारे वाहतात. न्यूयॉर्ककडे जाताना ते समोरून येतात, लंडनकडे येताना पाठीवर. फेब्रुवारी 2020 मध्ये एका वादळामुळे हे वारे इतके पिसाळले होते की ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं!

शिवाय तिकिटावरची वेळ गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आलं.

अंतर मात्र सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग नकाशात उत्तरेकडे वाकलेला दिसतो. प्रत्यक्षात वैमानिक तोही तंतोतंत धरत नाहीत; वारा बघून रोजचा मार्ग ठरतो.

आणि हो, घड्याळं बघून वजाबाकी करणार असाल तर न्यूयॉर्क बहुतेक वर्षभर लंडनच्या 5 तास मागे असतं, फक्त मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस 4.