बघ्या की तटस्थ?

प्रश्न असा आला आहे : अनोळखी माणूस संकटात असताना मदत करणं कायद्याने बंधनकारक आहे का, या विषयावरच्या लेखात ‘बायस्टँडर’साठी, म्हणजे त्या वेळी तिथे हजर असलेल्या माणसासाठी, ‘बघ्या’ लिहिलं तर चालेल का?

मी तरी लिहिणार नाही. ‘रड्या’ म्हणजे नुसता रडणारा नव्हे, उठसूट रडणारा. तसाच ‘बघ्या’ म्हणजे काही करता येण्यासारखं असूनही बघत राहिलेला. ‘त्यांनी बघ्याची भूमिका घेतली’ हे कौतुकाने कोणी म्हणतं का? त्याने काही करायला हवं होतं की नाही, हाच तर लेखाचा वाद. ‘बघ्या’ लिहिलंत की पहिल्याच ओळीत निकाल लागला.

मग ‘तटस्थ’? इथे गंमत आहे. तटस्थ म्हणजे मुळात तटावर, म्हणजे काठावर, उभा असलेला. आणि कायदा शिकवताना या विषयाचं ठरलेलं उदाहरणही तेच : अनोळखी माणूस बुडतोय, काठावरच्याला पोहता येतं, हाताशी दोर आहे, तरी तो हलत नाही. इंग्लंडचा कायदा त्याला सहसा हात लावत नाही. बुडणारं त्याचं स्वतःचं लहान मूल असेल, तो तिथला पगारी जीवरक्षक असेल किंवा त्यानेच ढकललं असेल, तर मात्र सुटका नाही. जर्मनीत अशा माणसाला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आणि ७५,००० युरोंपर्यंत दंड. जीव धोक्यात घालून उडी मारा, असं दोन्हीकडे म्हणत नाहीत. फ्रान्सचा कायदा तर स्वतः मदत करा किंवा मदत बोलवा, असे दोन्ही पर्याय देतो.

म्हणजे काठावरचा माणूस तोच. एका देशात ‘तटस्थ’, दुसऱ्यात ‘बघ्या’. ‘तटस्थ’लाही निःपक्षपातीपणाचा मान चिकटलेला आहे, म्हणून तोही नको. ‘साक्षीदार’ म्हटलं की कोर्टाचा पिंजरा दिसतो.

माझी पसंती रुक्ष आहे : पहिल्यांदा ‘घटनास्थळी हजर असलेली व्यक्ती’, पुढे नुसतं ‘हजर व्यक्ती’. काही न करण्याला कायद्याच्या मराठीत ‘अकृती’ हा नेमका शब्द आहे, तो जरूर वापरा. ‘निष्क्रियता’ नको, त्यात आळसाचा वास येतो. आणि ‘कर्तव्य’ऐवजी ‘कायदेशीर बंधन’ लिहा. नुसतं ‘कर्तव्य’ वाचलं की आपल्याला आधी नीतिशास्त्राचा तास आठवतो.