पापार्पणात याजकाचे काम कोणते?

प्रश्न : शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून मराठी बायबल वाचायला आणले आणि लेवीय या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायाशी अडखळलो. पाप घडलेल्याने बकरी आणायची, याजकाने तिचे रक्त वेदीला लावायचे आणि त्याला क्षमा व्हायची, असे तेथे दिसते. म्हणजे कुमसार, अर्थात पापांची कबुली, ऐकणाऱ्या पाद्रीप्रमाणे तो याजकच पापक्षमा करीत असे काय? आणि ज्याच्या गोठ्यात जनावरे अधिक, त्याला पाप करणे स्वस्त पडत नसे काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पापार्पणात, म्हणजे पापासाठी दिलेल्या या बळीत, याजक क्षमा करीत नसे. 'याजकाने त्याच्यासाठी प्रायश्चित्त करावे, म्हणजे त्याला क्षमा होईल' अशा अर्थाचे वाक्य त्या अध्यायात पुन्हा पुन्हा येते. त्यातील विधी याजकाचा आहे. क्षमा मात्र देवाकडची आहे.

सामान्य माणसाच्या बाबतीत बळीच्या मस्तकावर हात ठेवण्याचे आणि त्याचा वध करण्याचे कामही याजकाचे नव्हते. ते दोषी माणसानेच करायचे होते. याजकाचे काम सुरू होई ते रक्तापासून. तो रक्तात बोट बुडवून ते होमवेदीच्या चारही कोपऱ्यांवरील शिंगांना लावी, उरलेले वेदीच्या पायथ्याशी ओती आणि चरबीचा वेदीवर होम करी. दोष मुख्य याजकाचा किंवा सर्व मंडळीचा, म्हणजे इस्राएली समाजाचा, असेल, तर रक्त दर्शनमंडपात, म्हणजे उपासनेच्या पवित्र तंबूत, नेऊन पडद्यासमोर सात वेळा शिंपडले जाई व धूपवेदीच्या शिंगांना लावले जाई. पापार्पणाचे रक्त दोषी माणसाच्या अंगाला कधीच लावले जात नाही, ही गोष्ट वाचताना सहज सुटते. जेकब मिलग्रोम या यहुदी अभ्यासकाने त्यावरूनच असे प्रतिपादन केले की, या रक्ताने शुद्ध होते ते लोकांच्या पापांमुळे विटाळलेले पवित्रस्थान. हे मत सर्वांना मान्य नाही, तरी मला ते पटते. कारण रक्त वेदीलाच का, याचा उलगडा त्यातून होतो.

आता मांसाचे पाहू. ज्या बळीचे रक्त दर्शनमंडपात नेलेले नाही, त्याचे मांस विधी करणाऱ्या याजकाने पवित्र जागीच खायचे होते; ते ज्या मातीच्या भांड्यात शिजवले ते फोडायचे आणि पितळेचे असल्यास घासून धुवायचे. पहिल्या दृष्टीस ही दक्षिणा वाटते. परंतु दहाव्या अध्यायात मुख्य याजक अहरोनाच्या पुत्रांनी हे मांस न खाता जाळून टाकले, तेव्हा इस्राएलांचा पुढारी मोशे संतापला, कारण मंडळीच्या दोषाचा भार वाहण्यासाठीच ते त्यांना दिलेले होते. अर्थात याचा दुरुपयोगही झाला असावा; याजक माझ्या लोकांच्या पापावर पोसतात, असा ठपका होशेय संदेष्ट्याने ठेवलेला आहे.

तुमची दुसरी शंका रास्त आहे, पण चौथ्या अध्यायातील बळीची श्रेणी प्रथम पदावर ठरते. मुख्य याजकाच्या दोषासाठी गोऱ्हा, अधिपतीसाठी बकरा, सामान्य माणसासाठी बकरी किंवा मेंढी. म्हणजे व्यक्तींमध्ये सर्वांत मोठा बळी मुख्य याजकाच्याच वाट्याला येई. पाचव्या अध्यायातील दोषांसाठी गरिबाला दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले चालत, आणि तेवढीही ऐपत नसल्यास एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग सपीठ, तेही तेल आणि धूप न घालता. शिवाय पापार्पण हे मुख्यतः नकळत घडलेल्या दोषासाठी होते. उर्मटपणे, हात उगारून केलेल्या पापासाठी गणना या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात बळी सांगितलेला नाही. अशा माणसाचा लोकांतून उच्छेद व्हावा, असे तेथे म्हटले आहे. चोरी केली किंवा ठेव बुडवली, तर मूळ ऐवज आणि वर त्याचा पाचवा हिस्सा मालकाला परत करायचा आणि दोषार्पणाचा, म्हणजे भरपाईच्या दोषांसाठीच्या वेगळ्या बळीचा, मेंढा द्यायचा. मालकाची भरपाई टाळून केवळ मेंढ्यावर सुटका नव्हती.

इसवी सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले आणि तेथील बळी थांबले. यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी आज उपवास व प्रार्थना असते. कॅथलिक कुमसाराशी तुलना करायची, तर एक फरक ठळक आहे. तेथे पाद्री ख्रिस्ताच्या नावाने पापमोचनाचे शब्द स्वतः उच्चारतो. लेवीयातील पापार्पणाच्या विधींत याजकाच्या तोंडी असे एकही वाक्य घातलेले नाही.