लग्नातला फोटो जाहिरातीत वापरला. तक्रार कुणी करायची?

प्रश्न: मी लग्नांचे फोटो काढतो. एका लग्नातला नवरीचा फोटो माझ्या वॉटरमार्कसह इन्स्टाग्रामवर टाकला होता. दागिने विकणाऱ्या एका पेजने वॉटरमार्क कापून तो जाहिरातीत वापरला. मेसेज केला तर ‘नेटवर मिळाला, हवं तर तुमचं नाव टाकतो’ असं उत्तर आलं. ऑर्डर नवरीच्या वडिलांची होती, पैसेही त्यांनीच दिले. लेखी करार काही नाही. आता काय करू?

उत्तर: रिपोर्टचं बटण दाबण्याआधी थोडं थांबा. फोटो तुम्ही काढलात, त्यामुळे कायद्याने त्याचे कर्ते तुम्हीच. मालकीचं मात्र तसं नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढायला सांगणारा माणूस असतो. उलट काही ठरलं असेल तरच मालकी छायाचित्रकाराकडे राहते. व्हिडिओलाही हेच लागू. म्हणजे तुमच्या फोटोचे मालक बहुधा नवरीचे वडील आहेत. तुम्ही इन्स्टाग्रामच्या तक्रारीच्या फॉर्मवर ‘मी मालक आहे’ असं प्रतिज्ञेवर लिहून दिलंत आणि समोरच्या वकिलाने हे कलम पुढे केलं, की न्याय्य तक्रारही लंगडी पडते. शिवाय तुमच्या स्वतःच्या पेजवर फोटो टाकायला वडिलांची परवानगी होती का, हाही प्रश्न निघेल.

त्यामुळे आधी त्या कुटुंबाशी बोला. नवरीचा चेहरा तिला न विचारता जाहिरातीत गेला आहे, तेव्हा तेही चिडलेलेच असणार. तिची तक्रार वेगळी आणि स्वतंत्र आहे. वडिलांपुढे दोन वाटा आहेत. एक, त्यांनी स्वतः तक्रार करावी किंवा तुम्हाला अधिकारपत्र द्यावं. दोन, त्यांनी कॉपीराइट तुमच्या नावे लिहून द्यावा. दुसरी वाट धरलीत तर कलम १९ नीट पाळा: दस्त लेखी हवा, त्यावर वडिलांची सही हवी, आणि कोणते फोटो, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश, मोबदला किती, हे सगळं त्यात हवं. मुदत लिहायची राहिली तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश राहिला तर फक्त भारत. आणखी एक ओळ आवर्जून घाला: दस्ताच्या आधी झालेल्या उल्लंघनाची भरपाई मागण्याचा हक्कही तुम्हाला दिला आहे. ही ओळ नसेल तर नेमक्या याच जाहिरातीबद्दल वाद उभा राहतो.

दस्त होईपर्यंत पुरावा हातचा जाऊ देऊ नका. पोस्ट उतरली की पुरावाही गेला, म्हणून तक्रारीआधीच तो गोळा करा. पेजच्या मुख्य पानापासून त्या पोस्टपर्यंत जातानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. त्यात खात्याचं नाव, तारीख आणि पूर्ण लिंक दिसली पाहिजे. पैसे देऊन चालवलेली जाहिरात मेटाच्या (इन्स्टाग्रामची मालक कंपनी) ॲड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या खुल्या संग्रहात, सापडते, पण आपल्याकडे अशी व्यावसायिक जाहिरात तिथे साधारणपणे ती चालू असेपर्यंतच दिसते. तिचा लायब्ररी क्रमांक टिपून ठेवा. तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) आणि तिच्या मागचे-पुढचे आठ-दहा फ्रेम. चोराकडे एकच फोटो असतो, सलग मालिका फक्त काढणाऱ्याकडे असते. या फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे त्या दाबल्या जातात आणि कॅमेऱ्याची माहिती गळून पडते. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळखक्रमांक, नोंदवायची.

आता रिपोर्ट. साधा ‘स्पॅम’चा पर्याय निवडू नका, कॉपीराइटचा स्वतंत्र फॉर्म भरा. पोस्ट, रील, जाहिरात, प्रत्येकाची वेगळी लिंक द्या. तुमचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळू शकतं, म्हणून कामाचा ईमेल वापरा. सोबत भारतीय कायद्याखाली इन्स्टाग्रामच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रारही पाठवा. कॉपीराइट नियम, २०१३ च्या नियम ७५ प्रमाणे तक्रार योग्य वाटली तर ३६ तासांत मजकूर बंद करावा लागतो. पण तो बंद राहतो २१ दिवस. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा दिसू शकतो. अमेरिकी कायद्याखालच्या तक्रारीवर समोरच्याने प्रतिनोटीस दिली, म्हणजे ‘मजकूर चुकून काढला, परत लावा’ असं लेखी कळवलं, तर १० ते १४ कामकाजी दिवसांत दावा दाखल केल्याचं दाखवावं लागतं. म्हणून दाव्याचा मसुदा आधीच तयार ठेवा.

‘नाव टाकतो’ हा बचाव नव्हे. कलम ५२ मधली सूट खासगी वापर, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्त अशा कामांना आहे. दागिने विकायला नाही. फोटो सगळ्यांना दिसत होता म्हणून फुकट झाला, असंही नाही. तुम्ही वापराचा परवाना दिलात तो इन्स्टाग्रामला, त्या दुकानदाराला नव्हे.

कॉपीराइट कुणाचाही ठरो, कर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा कलम ५७ चा हक्क तुमचाच राहतो. वॉटरमार्क जाणूनबुजून काढणं हा कलम ६५ब खाली गुन्हा ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खालचा उल्लंघनाचा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सांगितलं. तरीही मी आधी दिवाणी नोटीस सुचवेन. त्यात जाहिरात काढा, छापील प्रती असतील तर त्या थांबवा आणि परवाना शुल्क द्या, एवढंच मागा. रक्कम ठरवताना याआधी तुम्ही फोटोवापरासाठी कुणाला दिलेलं बिल जोडा; आकडा त्याशिवाय टिकत नाही. पेजवर ‘चोर’ म्हणून पोस्ट टाकू नका. बदनामीचा उलटा दावा येतो, आणि बिनबुडाच्या धमकीविरुद्ध कलम ६० त्यांच्याही हाती आहे. भरपाईच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. मागणी ३ लाख किंवा जास्त असेल आणि तातडीचा मनाईहुकूम नको असेल, तर व्यावसायिक न्यायालयात जाण्याआधी मध्यस्थी करावी लागते.

पुढच्या प्रत्येक कोटेशनवर ही ओळ छापा आणि ॲडव्हान्स घेताना खाली ग्राहकाची सही घ्या: ‘या कामातील सर्व छायाचित्रे व चित्रफितींचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील; ग्राहकास वैयक्तिक वापराचा कायमचा हक्क राहील; छायाचित्रकारास ही छायाचित्रे स्वतःच्या कामाचे नमुने म्हणून दाखवण्यास ग्राहकाची संमती आहे / नाही.’